कॅप्टन तामिया आणि न हसणारं थिएटर

मी नट नाही, हे आधीच सांगून टाकतो. ईदपासून आमच्या गल्लीत माझ्याबद्दल बरंच काही बोललं जातंय आणि त्यातलं निम्मं खोटं आहे. मी कफ्र रय्यानच्या नगर-कचेरीत परवाना विभागाच्या खिडकी क्रमांक चारवर बसणारा साधा कारकून. नाव बहगत. एकतीस वर्षं झाली बसून. या एकतीस वर्षांत माझ्या खिडकीतून एकही कागद घाईनं बाहेर पडलेला नाही, हे मी थोड्याशा अभिमानानंच सांगतो. घाई केली की चुका होतात. माझ्या हातून चूक झालेली नाही, कारण मुळात माझ्या हातून फारसं काही झालेलंच नाही, असं आमची इनायात म्हणते. बायकोच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नसतं, पण कानावर पडतंच.

तर झालं काय, की ‘कॅप्टन तामिया’चा दुसरा भाग आमच्या गावात काढायचं ठरलं. पहिला भाग कुणी पाहिला नाही असं घर आमच्याकडे नाही. तामियाचे वडे तळणारा एक गरीब माणूस उकळत्या कढईत पडतो आणि बाहेर येतो तो उडायलाच लागतो. मग चोरांच्या अंगावर गरम वडे फेकतो. मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं, पण माझी मुलगी रीहाम हसून हसून खुर्चीवरून पडली होती. या दुसऱ्या भागासाठी त्या लोकांना पुलावर चित्रीकरणाची परवानगी हवी होती, म्हणून ते आले माझ्या खिडकीशी. पहिल्या दिवशी अर्जावर तारीख नव्हती. दुसऱ्या दिवशी तारीख होती, पण निळ्या शाईत. तिसऱ्या दिवशी शाई काळी होती, पण मी चहाला गेलो होतो. असं करत ते अकरा वेळा आले.

अकराव्या वेळी खुद्द दिग्दर्शक आला. मानेवर केसांची शेपटी बांधलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मी त्याचा अर्ज उलटून पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला, चहाचा एक घोट घेतला आणि म्हणालो, “फोटोत टोपी आहे. उद्या या.” आता कुणीही आरडाओरडा केला असता. हा माणूस हनुवटीला हात लावून माझ्याकडे नुसता बघत राहिला. मला वाटलं, याला ऊन लागलं. मग हळूच म्हणाला, “उस्ताद, माझ्या सिनेमात तुम्ही हेच कराल का? एवढंच. याहून काही नको.”

मी नाही म्हणालो. चार दिवस म्हणत होतो. पाचव्या दिवशी इनायातला कळलं आणि मी हो म्हणालो.

प्रसंग असा: राक्षस शहरावर चालून आलाय, कॅप्टन तामियाला उडायचंय, पण नव्या नियमानं उडायला परवाना लागतो. हातात दहा मिनिटं. तो केप सावरत, घामाघूम होऊन खिडकीशी येतो. खिडकीत मी. मी फोटो बघतो आणि जवळपास तेच म्हणतो. बस, चाळीस सेकंदांचं काम. पण कॅमेरा समोर आला आणि माझी जीभ टाळूला चिकटली. सात वेळा घेतलं, सातही वेळा मी लाकडासारखा. शेवटी त्या चतुर माणसानं माझ्यासमोर एक खरा अर्ज ठेवला, कुणाच्या तरी बाल्कनीचा. त्यावर साक्षीदाराची सही नव्हती. ते दिसल्याबरोबर माझ्या अंगात जे काही आलं, तेच पडद्यावर आहे. अभिनय म्हणाल तर एवढाच.

आता माझी घोडचूक. सरकारी माणसाला बाहेरचं काम करायचं तर परवानगी लागते, आणि ती परवानगी मिळते खिडकी क्रमांक चारवर. म्हणजे अर्जदार मी, कारकूनही मी. दुसरा कुणी असता तर सही करून मोकळा झाला असता. मी तत्त्वाचा माणूस. स्वतःचा अर्ज मी गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला, क्रमानं. आपल्या माणसाचं काम आधी करायचं नाही, ही माझी शिस्त, आणि माझ्याइतकं माझं आपलं कोण असणार? अर्ज नऊ महिने तिथंच राहिला.

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात मुदीरसाहेबांनी मला आत बोलावलं. मुदीर म्हणजे कचेरीचे प्रमुख, आमचे वग्दीसाहेब. हा माणूस हसलेला कुणी पाहिलेला नाही, त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. तो फोटो त्यांच्या टेबलावर आहे, रोज बघतो मी. त्यांच्यासमोर दोन कागद होते. एक निनावी तक्रार, अक्षर खिडकी पाचचं: बहगत यानं विनापरवाना सिनेमात काम करून खात्याची अब्रू घालवली. दुसरा माझा तो अर्ज. गठ्ठा उपसून कुणीतरी काढला होता.

“स्वतःचाच अर्ज नऊ महिने अडवलास?” साहेबांनी विचारलं.

मी म्हणालो, क्रमानं चाललं होतं, साहेब.

त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले आणि निकाल सांगितला. ईदच्या पहिल्या दिवशी सकाळच्या खेळाला ते स्वतः सिनेमाला येऊन बसणार. लोकांनी माझा प्रसंग शांतपणे पाहिला तर ती खात्याची शिस्त समजायची आणि प्रकरण बंद. लोक हसले तर ती खात्याची चेष्टा, आणि माझी बदली थेट खारगाच्या मरुद्यानात. म्हणजे बारा तासांची बस. रीहामला दोन महिन्यांनी बाळ व्हायचं होतं, पहिलंच. मला निवृत्तीला चौदा महिने उरले होते. नातवाला कडेवर घ्यायच्या दिवसांत मी वाळवंटात विंचवांना परवाने देत बसणार होतो. घरी आलो आणि जिन्यातच बसलो.

जिन्यात बसलेल्या माणसाला आमच्या इमारतीत कुणी एकटं सोडत नाही. पहिल्यांदा आले दुसऱ्या मजल्यावरचे उस्ताद शुक्री. कोर्टातून निवृत्त झालेले शिरस्तेदार, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं म्हणणं तयार असतं. ते म्हणाले, यात घाबरण्यासारखं काय आहे? मुदीरांच्या आजूबाजूला आपली सहा माणसं बसवा. ती हसली नाहीत की झालं. मला हायसं वाटलं. तेवढ्यात खाली केशकर्तनालय चालवणारे उस्ता गबर वर आले आणि म्हणाले, हसू मागून येतं, पुढून नाही. मागच्या तीन रांगाही धरा. मग वरच्या मजल्यावरच्या मदाम फौकियांनी जिन्यातून वाकून सांगितलं, आमच्या इमारतीतल्या माणसांनी रांगा धरल्या आणि समोरच्या इमारतीतले लोक बाल्कनीतून हसले तर? समोरची इमारतही आली. मग गल्ली आली. इफ्तारच्या आधी सुरू झालेली ही सभा इफ्तारनंतर गच्चीवर भरली आणि सगळ्यांनी ठरवलं, की ईदच्या पहिल्या दिवशी सकाळी दहाच्या खेळाला सिनेमा नूरहानमधल्या एकशे ऐंशी खुर्च्यांवर आपलीच माणसं बसतील. ईदला सगळे सिनेमाला जाणारच होते. फक्त चाळीस सेकंद हसायचं नाही, एवढंच.

आमच्याकडची माणसं सिनेमा नुसता बघत नाहीत. ती पडद्याशी बोलतात. नायकाला मागून कोण येतंय ते सांगतात, नायिकेला त्याच्याशी लग्न करू नकोस म्हणतात, खलनायकाच्या आईची चौकशी करतात. अशा माणसांनी चाळीस सेकंद गप्प बसायचं, म्हणजे बदल्यात काहीतरी मागणारच. एकेक जण माझ्या कानाशी लागला. उस्ता गबरना दुकानाच्या पाटीचा परवाना हवा होता. समोरच्या डॉक्टरांना पार्किंगचा. उस्ताद शुक्रींना काही नको होतं, पण त्यांच्या मेव्हण्याला हवं होतं. एकतीस वर्षं जपलेलं इमान गच्चीवर एका बैठकीत विकून मी खाली आलो. इनायात म्हणाली, निदान कुणाची तरी कामं होतील. मी रागानं जेवलोच नाही. म्हणजे, थोडंच जेवलो.

मोठा प्रश्न मदाम फौकियांचा होता. त्या हसल्या की रस्त्यावरचे टॅक्सीवाले ब्रेक दाबतात. त्या यायला नको, असं कुणीतरी सुचवलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी तोंडात ईदचा कहक, म्हणजे पिठीसाखरेत घोळलेलं जाड बिस्किट, धरून बसायचं, या अटीवर त्यांना घेतलं. आणि प्रसंग नेमका कधी येतो हे लोकांना कळावं म्हणून उस्ताद शुक्रींनी पहिल्या रांगेत उभं राहून पांढरा रुमाल हलवायचा, असं ठरलं. रुमाल वर गेला की गप्प, खाली आला की मोकळे. कोर्टात असताना ते असंच करायचे म्हणे.

ईदचा दिवस उजाडला. नमाज झाली, नवे कपडे झाले, पोरांना ईदी वाटून झाली. दहाला पाच कमी असताना वग्दीसाहेब आले, राखाडी सूट, हातात वही. मधल्या रांगेत बसले. त्यांच्या डावीकडे मी, उजवीकडे मदाम फौकिया तोंडात कहक घेऊन. सिनेमा सुरू झाला. पहिली दहा मिनिटं सगळं छान. लोक ओरडत होते, भोपळ्याच्या बिया फोडत होते, पहिला भागच चांगला होता असं सांगत होते आणि हसतही होते. राक्षस पुलावर येतो आणि पुलावरचा कणीसवाला त्यालाही कणीस विकायला बघतो, तिथं तर थिएटर दणाणलं. साहेब काहीतरी लिहीत होते.

मग कॅप्टन तामियाचा केप छताच्या पंख्यात अडकतो तो प्रसंग आला. पहिल्या भागातसुद्धा एवढा विनोदी प्रसंग नाही. पंखा फिरतोय, कॅप्टन गोल गोल फिरतोय, त्याच्या खिशातून वडे उडतायत आणि लोक खुर्च्या बडवतायत. नेमक्या त्याच वेळी उस्ताद शुक्रींना शिंक आली आणि त्यांनी नाक पुसायला रुमाल काढला.

थिएटर क्षणात गप्प. पडद्यावर माणूस पंख्याला लटकून भिरभिरतोय, आणि एकशे ऐंशी माणसं जणू हवामानाची बातमी ऐकतायत. साहेबांनी वही खाली ठेवली आणि चारी बाजूंना पाहिलं. उस्ताद शुक्रींनी रुमाल खिशात घातला आणि लोक पुन्हा हसायला लागले, जिथून सोडलं होतं तिथून. पाच मिनिटांनी त्यांना पुन्हा शिंक आली. त्या वेळी पडद्यावर कॅप्टनची आई सुनेला झाडूनं मारत होती, तीही शांततेत मारली गेली. “हे लोक आजारी आहेत का?” साहेबांनी माझ्या कानात विचारलं. मी म्हणालो, उपवासानंतर असं होतं.

आणि मग माझी खिडकी आली.

या वेळी रुमाल वेळेवर गेला. कॅप्टन तामिया केप सावरत, धापा टाकत खिडकीशी आला. मी पडद्यावर आलो, दहा फूट उंचीचा. चष्मा कपाळावर सरकवला. चहाचा घोट घेतला. काय घोट होता तो. इतक्या शांतपणे चहा पिणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. अर्ज उलटा केला, सुलटा केला आणि म्हणालो, “फोटोत मुखवटा आहे. उद्या या.” मागे खिडकीतून राक्षसाचा पाय दिसतोय, शहर कोसळतंय, आणि मी खिडकीचा पडदा हळूच खाली ओढतोय.

थिएटरमध्ये कुणी हूं की चूं केलं नाही. फक्त कुठंतरी एक भोपळ्याची बी फुटली. साहेबांच्या पलीकडे मदाम फौकिया थरथरत होत्या, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. साहेबांना वाटलं घरात काही वाईट झालंय, त्यांनी आपला रुमाल त्यांच्या हातात दिला.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. बदली टळल्यात जमा होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण खरं सांगतो, त्या शांततेत माझं काळीज फाटलं. आयुष्यात एकदाच काहीतरी इतकं नीट जमलं होतं, आणि त्यावर एकही माणूस हसत नव्हता. केप पंख्यात अडकल्यावर हसले, कणीसवाल्यावर हसले, झाडूवर हसले. मी काय त्या झाडूपेक्षाही वाईट? रीहामचा चेहरा डोळ्यांसमोर आला, खारगाची बस आली, आणि तरीही मी उठून उभा राहिलो. कसा राहिलो मला माहीत नाही.

“अरे, हसा की,” मी ओरडलो. “माझ्याच प्रसंगाला सुतक आहे का?”

आता इथं माझ्या शेजाऱ्यांची निष्ठा आडवी आली. त्यांना वाटलं मी परीक्षा घेतोय. रुमाल अजून वर होता. कुणी हललं नाही. उलट उस्ता गबरनी ओठ आणखी घट्ट मिटले. मी खुर्चीवर चढलो आणि उस्ताद शुक्रींना म्हणालो, रुमाल खाली घ्या हो. ते म्हणाले, आधी ठरल्याप्रमाणे चाळीस सेकंद पुरे होऊ द्या. तेवढ्यात मदाम फौकियांच्या तोंडातला कहक सुटला. साखरेचा ढग साहेबांच्या सुटावर बसला आणि त्यामागून ते हसू आलं. कसं सांगू तुम्हाला. छताची धूळ खाली आली. मग उस्ता गबर फुटले, डॉक्टर फुटले, उस्ताद शुक्रींनी रुमाल तोंडात कोंबला, माझी इनायात डोकं माझ्या गुडघ्यावर टेकून रडेपर्यंत हसली. लोक ओरडायला लागले, मागे न्या, मागे न्या. ऑपरेटर आमच्याच गल्लीचा, त्यानं सिनेमा मागे नेला. माझा प्रसंग तीनदा दाखवला. तिसऱ्या वेळी सगळ्या थिएटरनं माझ्याबरोबर चहाचा घोट घेतला, हवेतल्या हवेत. मी खुर्चीवरच उभा होतो आणि दोन्ही हातांनी सलाम घेत होतो. खारगा तर खारगा, असं वाटलं मला त्या क्षणी. असा दिवस सुलतानालासुद्धा मिळत नाही.

खेळ संपला, दिवे लागले. साहेब जागेवरच होते, अंगावर साखर, चेहरा दगडाचा. ते काही बोलणार एवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारी काठी टेकत आली. आमच्या गल्लीची नव्हती. कुणाच्या तरी रिकाम्या राहिलेल्या खुर्चीवर येऊन बसली होती. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि उजेडाकडे वळवला.

“तूच का रे तो खिडकी चारचा?” ती म्हणाली. “माझं छत गळतंय तीन हिवाळे. दुरुस्तीच्या कागदासाठी सतरा वेळा आलेय तुझ्याकडे. दर नमाजेला तुला शिव्या दिल्यात मी. आज त्या वेड्याला तुझ्यासमोर उभं पाहिलं आणि मला मीच दिसले. इतकी हसले, इतकी हसले, की जा, तुला माफ केलं.”

साहेबांनी मान वर केली. “सतरा वेळा? असं होणं शक्य नाही, हाज्जा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलता आलं असतं. पण माफी मिळालेल्या माणसाला खोटं बोलवत नाही. मी म्हणालो, “सतरा नाही साहेब, एकोणीस. दोनदा मी चहाला गेलो होतो, तेव्हा त्या खिडकी बंद बघून परत गेल्या, ते मी टपरीवरून पाहिलं होतं.”

हाज्जा (म्हाताऱ्या बाईला आमच्याकडे मानानं असंच म्हणतात) म्हणाली, होय, तेही खरं. मागे एकदम कुजबुज सुरू झाली. एक जण म्हणाला माझे सात वेळा. दुसरा म्हणाला नऊ. प्रत्येकाला आपला आकडा पाठ होता आणि मोठा आकडा सांगणाऱ्याला बाकीचे दाद देत होते. साहेब ऐकत होते. मग त्यांनी अंगावरची साखर झटकली, खिशातून कचेरीच्या किल्ल्या काढल्या आणि मला म्हणाले, “चल.” ईदच्या दिवशी, भर सुट्टीत. मी मागोमाग निघालो, आणि आपण खारगाचा आदेश घ्यायला चाललोय की काय हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

कचेरीत गेल्यावर आधी त्यांनी माझी फाईल काढली. तक्रारीच्या कागदावर लिहिलं: ‘प्रेक्षक समाधानी. प्रकरण बंद.’ खाली सही. मी काही बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, गप्प बस आणि त्या बाईचा अर्ज शोध. तो शोधायला तास लागला. अर्जात काही कमी नव्हतं. तारीख होती, शाई काळी होती, साक्षीदार दोन होते. मी का अडवला होता ते मला आठवेना. साहेबांनी शिक्का मारला आणि आम्ही दोघं तो कागद घेऊन कालव्यापलीकडे हाज्जाच्या घरी गेलो.

एका खोलीचं घर. छताला ओलीचे मोठे डाग, खाली तीन पातेली मांडलेली. तिनं आम्हाला बसवलं, पुढ्यात कहकची ताटली ठेवली. मी उभं राहून, दोन्ही हातांनी तिला कागद दिला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी कुणाच्या दारात जाऊन कागद देत होतो.

हाज्जानं कागद घेतला. पुढून पाहिला, मागून पाहिला. खिडकीशी नेऊन उजेडात धरला, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट नाकाशी नेलं. मग आम्हा दोघांकडे संशयानं बघत ती म्हणाली, “इतक्या लवकर झाला म्हणजे हा खोटा असणार.”

माझ्या बाजूला एक विचित्र आवाज झाला. मला वाटलं साहेबांना ठसका लागला. वळून पाहिलं तर वग्दीसाहेब हसत होते. कहकची साखर नाकात गेली होती, सूट पुन्हा पांढरा झाला होता, हात पोटावर होता, आणि त्यांना थांबता येत नव्हतं. खात्याची एवढी मोठी चेष्टा त्यांच्या तोंडावर झाली होती आणि ते हसत होते. मग हाज्जाही हसली, कागद मात्र छातीशी घट्ट धरून. मी पाठ थोपटायला साहेबांजवळ गेलो, आणि बदली टळली हे मला खरं म्हणजे तिथं कळलं.